सप्ताहाचा आवाज आणि वरातीचा आवाज

बीड जिल्ह्यात साउंडवाल्याची परीक्षा दोन ठिकाणी होते. सप्ताहात कीर्तनकाराचा आवाज फाटला, की पुढे बसलेले माळकरी मागे वळून साउंडवाल्याकडे बघतात. वरातीत मात्र बेंजो जरा फाटल्याशिवाय पोरांचे पाय उचलत नाहीत. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरच्या ‘क्लीन’ म्हणजे स्वच्छ आणि ‘गेन’ म्हणजे फाटक्या आवाजावरून गिटारवाले जगभर भांडतात, ते याच कारणावरून.

बेंजोचं मूळ जपानी. १९१२ साली नागोयात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ बनवलं; आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप लागला आणि ते बेंजो म्हणून रस्त्यावर आलं. बटणांची इलेक्ट्रिक गिटारच म्हणा ना.

आवाज फाटतो कसा, ते बघायला ईसीसी ८३ हा बोटाएवढा व्हॉल्व्ह घ्या. त्यात दोन ट्रायोड. प्रत्येकाचा वर्धनांक १००, पण सर्किटमध्ये हाती लागते ती पन्नास-साठ पट वाढ. अशा दोन-तीन पायऱ्या एकामागे एक लावल्या, की पुढच्या व्हॉल्व्हला झेपत नाही आणि लहरीचा माथा दबतो. ट्रान्झिस्टर तो माथा सपाट छाटतो, व्हॉल्व्ह आधी गोल करत नेतो. त्यामुळे फाटणं एकदम येत नाही, चढत जातं. हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ, जोर लावला तर खरखरीत.

फेंडर कंपनीचा १९६३चा ट्विन रिव्हर्ब हा अॅम्प्लिफायर स्वच्छ आवाजासाठी नावाजला, कारण त्यात ८५ वॅटची ताकद होती आणि ती पेलणारे जड ट्रान्सफॉर्मर. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी फेंडरच्याच जुन्या बासमनचं सर्किट समोर ठेवून १९६२च्या सुमारास आपला अॅम्प्लिफायर बांधला. त्याचा आवाज लवकर फाटायचा, आणि रॉकवाल्यांना नेमकं तेच आवडलं. माझं मत विचाराल तर गेन स्वस्त आहे. क्लीन महाग पडतं. त्याला लोखंड लागतं, तांबं लागतं आणि भरवशाची वीज लागते.

विजेचंच घ्या. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की वाडीवरचा दाब २३० व्होल्टवरून १८०वर यायला वेळ लागायचा नाही. व्हॉल्व्हच्या मशीनमधले, म्हणजे अॅम्प्लिफायरमधले, ४०० व्होल्ट मग सव्वातीनशेच्याही खाली यायचे, आणि ताकद दाबाच्या वर्गाने घटत असल्याने ५० वॅटचं मशीन जेमतेम ३० वॅट द्यायचं. आवाज आधीच फाटू लागायचा. गिटारवादक एडी व्हॅन हॅलेनने सत्तरच्या दशकात व्हेरिअॅक लावून मार्शलचा दाब मुद्दाम ९० व्होल्टच्या आसपास उतरवला, त्या आवाजाचे गोडवे अजून गायले जातात. आमच्याकडे ही सोय फुकट होती! परळीला १९७१पासून औष्णिक वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात, हे विशेष.

मग गिटारचा फाटका आवाज गोड आणि कर्ण्यातला कर्कश का? गिटारच्या बारा इंची स्पीकरमध्ये पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं उमटत नाही, टोकदार उपस्वर तिथेच गळतात. कर्णा खालचा खर्ज गाळतो आणि कानाला बोचणारा मधला-वरचा पट्टा तेवढा पुढे ढकलतो. आता व्हॉल्व्ह गेले, कर्णे बरेचसे गेले, पण फाटण्याचं गणित तेच राहिलं.

त्यात मिश्रणाचं आणखी एक दुखणं आहे. फाटलेल्या मशीनमध्ये दोन सूर गेले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे सूर जन्मतात. सा २०० हर्ट्झचा, पंचम ३००चा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. म्हणूनच गिटारवाले भरपूर गेनवर सा-प एवढंच दाबतात. बेंजोची चाल एकेका सुराने पुढे जाते, तीही तरते. कीर्तनात मात्र अभंगाचा शब्द, पेटी, मृदंग आणि वीस जोड्या टाळ एकाच मशीनमध्ये शिरतात. टाळाला सूर ठरलेला नाही, त्यामुळे त्यातून जे निपजतं ते बेसूरच, आणि त्याखाली व्यंजनं बुडतात. गेन कमी करून हे अर्धंच सुटतं. टाळकऱ्यांना माईकपासून चार हात मागे उभं केलं आणि मृदंगाला वेगळं मशीन दिलं, तर शब्द शेवटच्या माणसापर्यंत नीट पोचतो. पण टाळकऱ्यांना मागे सरा म्हणायचं कोणी?