उत्तरेचं मीठ

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांकडे लोक ड्रॅगनसाठी वळतात. मी मात्र उत्तरेत अडकलो. १९९६ सालच्या ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’पासून २०११ सालच्या पाचव्या खंडापर्यंत वेस्टेरॉसमधला हा मुलूख साथ सोडत नाही. उरलेली सहा राज्यं एकत्र केली तर जवळपास एवढा पसारा, पण वस्ती विरळ. खाली दलदल, वर ७०० फूट उंच, ३०० मैल लांब बर्फाची भिंत. मार्टिन १९८१ साली हेड्रियनच्या रोमन भिंतीवर उभे होते, तिथे तिचं बीज पडलं.

दक्षिणेतले सप्तदेव दलदल ओलांडून फारसे वर चढले नाहीत. त्यामुळे इथल्या जुन्या देवांना देऊळ नाही, पुजारी नाही, पोथी नाही. गढीत देवराई असते (आपल्याला हा शब्द शोधावा लागत नाही) आणि तिच्यात पांढऱ्या सालीचं, तांबड्या पानांचं झाड. खोडावर कोरलेला चेहरा, डोळ्यांतून ओघळलेला लाल चीक. लग्नं लागतात ती त्याच्या साक्षीने.

पण इथे सत्ता चालते ती हिवाळ्याची, आणि तो वर्षानुवर्षं हलत नाही. उत्तरेवर राज्य करणाऱ्या स्टार्क घराण्याच्या गढीत, विंटरफेलमध्ये, भिंतींतून गरम झऱ्यांचं पाणी खेळवलंय. गढीबाहेरचं गाव उन्हाळ्यात बरंचसं ओस असतं. बर्फ पडायला लागलं की चुली पेटतात. डोंगरातले म्हातारे मात्र धान्य आटलं की “शिकारीला जातो” म्हणून निघतात. बहुतेक परतत नाहीत. घरात कुणी अडवतही नाही.

अशा मुलखात दार बंद ठेवणं म्हणजे बाहेरच्याला मारणंच. म्हणून यजमानाची भाकरी नि मीठ पोटात गेलं की पाहुण्याच्या जिवाला धक्का लावायचा नाही. पाहुण्यानेही यजमानाच्या नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडे म्हणीत उरलंय, तिथे तो कायदा आहे. तो सगळ्या वेस्टेरॉसचा, पण जपतात तो उत्तरेतले. फ्रे घराण्याने आपल्याकडे पाहुणा आलेल्या उत्तरेच्या राजाला, रॉब स्टार्कला, लग्नघरी कापलं तेव्हा तोच मोडला. या प्रसंगामागे स्कॉटलंडचा खरा इतिहास आहे : १४४० सालची ‘काळी मेजवानी’ आणि १६९२ सालची ग्लेन्कोची कत्तल.

त्याच लग्नात उत्तरेतला सरदार वायमन मँडर्ली याचा मुलगा गेला. मँडर्ली मूळचे दक्षिणेतले, देवही सप्तदेवच. परागंदा होऊन आले तेव्हा स्टार्कांनी जमीन दिली. म्हणजे हेही मिठाचंच नातं. तीन फ्रे वायमनकडे पाहुणे म्हणून उतरतात. तो त्यांना निरोपाची भेट म्हणून एकेक घोडा देतो. भेट दिली, पाहुणेपण संपलं. वाटेत तिघं गायब! पुढे विंटरफेलमधल्या दुसऱ्या एका लग्नात वायमन तीन भल्यामोठ्या पाई आणवतो, प्रत्येकीतले दोन तुकडे स्वतः चापतो आणि गवयाकडे उंदीर-आचाऱ्याचं गाणं मागतो. दंतकथेतल्या त्या आचाऱ्याने राजाला त्याच्याच मुलाची पाई वाढली होती, पण देव कोपले ते पाहुणा मारला म्हणून. पाईत काय होतं, हे मार्टिन एका शब्दाने सांगत नाहीत.

टीव्ही मालिकेने २०१६ साली पाई घेतली, ती रॉबची बहीण आर्या हिच्या हातून वाढवली आणि घोडे गाळले. सूड उरला, रीत गेली. मालिका पाहून झाली असेल, तर पाचवा खंड तेवढ्या घोड्यांसाठी तरी उघडा.