देशात अव्वल ठरलेला मुंबईचा फुटबॉल क्लब बंद का झाला?

महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीने मुंबईत १९६२ मध्ये फुटबॉल संघ उभा केला. पुढे त्याचं नाव महिंद्रा युनायटेड झालं. २००५ मध्ये संघाने फेडरेशन कप जिंकला. त्याच हंगामात, २००५-०६ मध्ये, प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. ही लीग जिंकणारा हा महाराष्ट्रातला एकमेव क्लब. २००८ मध्ये ड्युरँड कपही मिळवला.

पण कंपनीने शालेय फुटबॉलवर भर द्यायचं ठरवलं आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. चाहत्यांना कुणी विचारलं नाही, कारण क्लब कंपनीचा होता.

आता कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ हे संघ आजही मैदानात आहेत. त्यांच्यामागे कंपनी नाही, पेठेतली माणसं आहेत.