माळ्यावर जागं कोण?

चकलांब्याच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की दिवस उगवायच्या आत कुणीतरी माळ्यावर चढलेलं असतं. हातात गोफण, नजर थव्यावर. पाखरांनी कणीस एकदा टोचून नेलं की मग कितीही हाळ्या द्या, दाणा परत येत नाही. आता संगणकाच्या वावराची अशीच राखण करणारा एक धंदा आहे, आणि आपल्या मुलखात तो कुठून उगवला ते ऐकाल तर थक्क व्हाल.

पुण्यातल्या कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या टेबलावरून!

मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर महिना ४०० रुपयांवर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. पुढे स्वतःचं दुकान काढलं, तिथे संगणक येऊ लागले. काही संगणकांची गंमत अशी, की सुटे भाग ठणठणीत आणि तरी यंत्र आजारी. फ्लॉपीतून व्हायरस शिरलेला असायचा. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. व्हायरस हुडकून काढणारे प्रोग्रॅम त्यांनी लिहिले आणि १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ बाजारात आलं. २०१६ साली हीच कंपनी शेअर बाजारात उतरली.

पण लाखो फायलींमधून एक चोर ओळखायचा कसा? एक युक्ती ठशाची: ओळखीच्या व्हायरसांचे ठसे जपून ठेवायचे आणि प्रत्येक फाइलीचा ठसा त्यांच्याशी ताडून पाहायचा. एका ओळीची चिठ्ठी घ्या नाहीतर तीन तासांचा सिनेमा. ‘शा-२५६’ नावाच्या गणिती चाळणीतून काढला की दोघांचाही ठसा ६४ अक्षरांचाच. आणि चिठ्ठीतल्या ‘चिंता’वरचा अनुस्वार पुसून ‘चिता’ केलं, तर? ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो! मला हे अजूनही जादूसारखं वाटतं.

चोरांनीही नेमकं हेच हेरलं. व्हायरसमध्ये जरासा फेरफार केला की ठसा नवा. मग ठशापुरतं थांबून भागेना, चालचलणूक पाहणं आलं.

चालचलणुकीवर नजर किती लागते, ते पुण्यानेच पाहिलं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोरांनी एक तोतया दुवा बसवला होता. एटीएम विचारायचं, “पैसे देऊ का?” प्रश्न बँकेच्या खऱ्या हिशेबापर्यंत पोचायच्या आतच तोतया म्हणायचा, “दे!” बनावट कार्डं घेतलेली माणसं २८ देशांतल्या एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये निघाले. सोमवारी आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात गेले. इथे दुरुस्ती काय कामाची? त्या घडीला कुणीतरी जागं हवं.

आणि जागं राहणं किती महाग! आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास बसेल. म्हणजे एक खुर्ची सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसं. रजा-आजारपण धरलं तर पाच. तालुक्याच्या पतसंस्थेला हे कसं परवडावं? म्हणून राखण सामाईक. क्विक हीलची ‘सेक्राइट’ आणि तिच्यासारख्या कंपन्या अनेक ग्राहकांची राखण एकाच माळ्यावरून करतात.

तिथे दिसतं काय? प्रत्येक संगणक आपली रोजनिशी लिहीत असतो: कोण आलं, कुठली फाइल उघडली, कुणाशी बोललं. या लाखो ओळी एका ठिकाणी येतात. यंत्र त्यातल्या विसंगत ओळी निवडतं, माणूस त्यांचा अर्थ लावतो. सगळ्यात सुंदर गोष्ट पुढेच आहे. एका वावरावर आलेला थवा दिसला, की त्याच क्षणी बाकीची सगळी वावरं सावध करता येतात. जितके ग्राहक जास्त, तितका राखणदार शहाणा. या धंद्याच्या वाढीचं खरं खत तेच, असं मला वाटतं.

समजा, गेवराईच्या एका कारकुनाचं खातं रात्री २ वाजून ५० मिनिटांनी उघडलं. पासवर्ड बरोबर. पण पुढच्या दोन मिनिटांत त्याने शंभर फायली चाळल्या. रोज तो दहाही उघडत नाही. दूरच्या शहरात पडद्यावर एक ओळ लाल होते. रात्रपाळीची मुलगी चहाचा कप खाली ठेवते, रोजनिशी मागे सरकवून पाहते आणि तो एक संगणक बाकीच्यांपासून तोडून टाकते. सकाळी कारकून येतो, संगणक चालू करतो आणि नेट का नाही म्हणून वायर हलवून बघतो.