कर नेमका कोण भरतं?

१ फेब्रुवारी २०२५ला निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत २०२५-२६चा अर्थसंकल्प मांडला आणि दुपारपर्यंत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश सुरू झाले. बारा लाखांपर्यंत आयकर नाही! संध्याकाळी त्याच ग्रुपवर दरवर्षीचं वाक्य आलं : 'आता सरकारने फुकट वाटपही बंद करावं, कर आम्हीच भरतो ना.' सज्जन, कष्टाळू माणसं हे मनापासून बोलतात. म्हणूनच त्यातला हिशेब नीट मांडायला हवा, कारण तो चुकलेला आहे.

आयकर विवरणपत्रं भरणारे देशात सुमारे आठ कोटी आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांचा देय कर शून्य, हे खरं. 'मूठभर लोक देश चालवतात' हा समज इथूनच निघतो. पण सरकारच्या तिजोरीत येणारा रुपया कुठून येतो, हे अर्थसंकल्पाच्या कागदांतच छापलेलं असतं. २०२५-२६च्या अंदाजात त्या रुपयात आयकराचे २२ पैसे होते. जीएसटीचे १८, अबकारीचे ५ आणि सीमाशुल्काचे ४. म्हणजे अप्रत्यक्ष करांचे २७ पैसे, आयकरापेक्षा जास्त. कंपनी कराचे १७. आणि सगळ्यात मोठा वाटा, २४ पैसे, कर्जाचा.

हे २७ पैसे भरायला पॅन कार्ड लागत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये दर उतरेपर्यंत अंगाच्या साबणावर १८ टक्के जीएसटी होता आणि सिमेंटवर २८. ऊसतोडीला जाणारी बाई साबणाची वडी घेते तेव्हा तिच्याकडून कर वळता झालेला असतो. तिला ना पावती मिळते, ना 'करदाती' ही ओळख. शिवाय जिची सगळी मजुरी महिन्याच्या महिन्याला दुकानात जाते, तिच्या कमाईतला मोठा हिस्सा या कराच्या टप्प्यात येतो. पगारातून बचत करू शकणाऱ्याचं तसं नसतं. ती करदाती नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

दुसरा समज बारा लाखांचाच. बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न सरसकट करमुक्त झालं असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात नव्या करप्रणालीत टप्पे चार लाखांपासूनच सुरू होतात. उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर येणारा ६०,००० रुपयांपर्यंतचा कर कलम ८७अ खाली माफ होतो. पंधरा लाख मिळवणाऱ्याला चार लाखांच्या पुढच्या प्रत्येक टप्प्याचा कर भरावाच लागतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की हा दिलासा कोणाला मिळाला? सगळीकडे लिहिलं गेलं, 'सर्वसामान्य मध्यमवर्गाला'. केंद्राच्याच श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशात नियमित पगार मिळवणाऱ्यांची सरासरी कमाई महिन्याला सुमारे २० हजार रुपये आहे. वर्षाचे झाले अडीच लाखांच्या आत. हा माणूस सात लाखांच्या जुन्या मर्यादेतही आयकरात नव्हता; नव्या सवलतीने त्याच्या हातात एक रुपयाही पडला नाही. बारा लाखवाल्याचे वाचले ८०,००० रुपये आणि पंचवीस लाखवाल्याचे १,१०,०००. मला या सवलतीचा राग नाही, शहरात घरभाडं आणि शाळेची फी भरणाऱ्यांची ओढाताण मी जवळून पाहते. पण तिला 'सर्वसामान्यांची' म्हणू नये.

या सवलतीपोटी सरकारने सुमारे एक लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडलं. त्याच अर्थसंकल्पात ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६,००० कोटींची तरतूद होती, आदल्या वर्षीइतकीच. मजुरी वाढते, महागाई वाढते. तरतूद तेवढीच राहते तेव्हा ती खरं म्हणजे कमी झालेली असते. एका रकमेला आपण दिलासा म्हणतो आणि दुसरीला रेवडी. तिजोरीच्या दृष्टीने न घेतलेला रुपया आणि दिलेला रुपया सारखाच.

'कल्याणकारी योजनांनी देश बुडेल' हेही वारंवार ऐकू येतं. ५० लाख ६५ हजार कोटींच्या त्या एकूण खर्चात व्याजापोटी जाणार होते १२ लाख ७६ हजार कोटी. अन्न अनुदानाला २ लाख ३ हजार कोटी, आणि त्यातून सुमारे ८१ कोटी माणसांना धान्य मिळतं. बोजा कुठे आहे ते आकडे स्वच्छ सांगतात.

टीका करणाऱ्यांचेही गैरसमज असतात, तेही सांगायला हवेत. २० सप्टेंबर २०१९ला गोव्यात अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. त्याचा भार १ लाख ४५ हजार कोटींचा असल्याचं तेव्हा सरकारनेच सांगितलं. 'तेवढे पैसे दरवर्षी उद्योगपतींना वाटले जातात' असं भाषणांतून सांगितलं जातं, ते बरोबर नाही. तो त्या वर्षीचा अंदाज होता. सुरुवातीला वसुली घसरली, मग नफ्याबरोबर पुन्हा वाढली. टीका करायची तर नेमक्या जागी करावी. २०२४-२५च्या आर्थिक पाहणी अहवालानेच म्हटलं, की कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांच्या उच्चांकावर गेला आणि पगार मागे राहिले. करकपातीतून रोजगार आणि वेतन वाढेल, हे आश्वासन तिथे अपुरं पडलं.

आणखी एक. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसे खर्च झाले, असं नसतं. जलजीवन मिशनसाठी २०२४-२५ला ७०,१६३ कोटी जाहीर झाले होते. सुधारित अंदाजात उरले २२,६९४ कोटी. पुढच्या फेब्रुवारीत सुधारित आकडा पाहण्याची सवय लागली, तर घोषणांची किंमत आपोआप कळेल.

एकाच्या करातून दुसऱ्याला आधार देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामासाठी द्यायचा कर! आजही पगारपत्रकावर 'पी.टी.' म्हणून महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००.

२०० रुपये हा आकडा मला दुसऱ्या एका ठिकाणीही भेटतो. दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या वृद्धाला केंद्र सरकार महिन्याला देतं ते निवृत्तिवेतन तेवढंच आहे, आणि जवळपास दोन दशकं ते वाढलेलं नाही. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून राज्य १,३०० रुपये घालतं म्हणून हातात १,५०० पडतात. अनेक राज्यांत एवढेही पडत नाहीत. या निवृत्तिवेतनासह सगळ्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाला २०२५-२६ला ९,६५२ कोटी मिळाले, आदल्या वर्षीइतकेच. लाभार्थी वृद्ध सुमारे २ कोटी २० लाख आहेत. प्रत्येकाचे २००चे ५०० करायचे तर वर्षाला जास्तीत जास्त ८,००० कोटी लागतील. आयकराच्या त्या एका सवलतीच्या बाराव्या हिश्श्याइतके.