लसणाच्या दोन कोठ्या

गुरुवारच्या छावणीच्या बाजारात जाणता शेतकरी बैल कसा पारखतो, ते एकदा बाजूला उभं राहून बघा रे पोरांनो. दात मोजणं, चालवून बघणं हे नंतर. आधी तो कानाची पाळी उलटी करतो. मग मानेखालची लोंबती कातडी बोटांनी चाचपतो, शेपूट उचलतो, मांडीच्या आत हात घालतो. विकणारा तोवर बैलाचे गुण गात असतो, पण घेणाऱ्याचं तिकडे लक्ष नसतं. तो गोचीड शोधत असतो. जिथे कातडी पातळ, ऊब जास्त आणि शेपटी पोचत नाही, नेमक्या त्या जागा तिने धरलेल्या असतात.

ही गोचीड म्हणजे किडा, असं तुम्हाला वाटतं ना? नाही. मुंगी, माशी, ढेकूण यांना सहा पाय, हिला आठ. ही कोळी-विंचवाच्या भावकीतली. गंमत अशी की अंड्यातून निघते तेव्हा सहाच पाय असतात. पहिली कात टाकली की उरलेले दोन येतात. पंख नाहीत, उडी मारता येत नाही, नाक म्हणावं असं तोंडावर काही नाही. मग हिला गाय सापडते कशी?

तिचं नाक पायात आहे! पुढच्या दोन पायांच्या टोकाशी एकेक बारीक खळगा असतो. शास्त्रज्ञ त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. गोचीड गवताच्या पात्यावर टोकापर्यंत चढते, मागच्या पायांनी पातं घट्ट धरते आणि पुढचे पाय हवेत पसरून बसते. येणाऱ्या जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाचा वास, ऊब, सगळं त्या खळग्यांना कळतं. जनावर पात्याला घासून गेलं की ही त्याच्या अंगावर. नाही आलं, तर वाट बघते. महिनोन् महिने उपाशी वाट बघते. मला तर इतका धीर असलेला दुसरा प्राणी आठवत नाही.

चिकटल्यावर ती आधी लाळ सोडते. त्या लाळेने कातडीला दंश कळत नाही आणि रक्तही गोठत नाही. मग निवांत पीत राहते. आपल्याकडची गुरांची नेहमीची गोचीड तीनेक आठवडे एकाच जनावरावर काढते, तिथेच मोठी होते. टम्म फुगलेली मादी शेवटी खाली गळून पडते, गोठ्याच्या भिंतीची नाहीतर जमिनीची भेग गाठते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरून जाते.

‘आबा, तेवढं रक्त गेलं तर बैलाला काय होतं?’ असं तुम्ही विचारणार. रक्त जातंच, पण खरी भीती मागे राहणाऱ्या जंतूंची. आपले डॉक्टर गोचीड ताप म्हणतात, तो या जंतूंमुळेच येतो. आणि एक ऐका. एखादा जीव चावून रोग पसरवतो, हे जगात पहिल्यांदा जनावरांच्या रोगांबाबत पक्कं सिद्ध झालं, ते या गोचिडीमुळेच. अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी १८९३ साली दाखवून दिलं की गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमार्फत पसरतो. त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ मध्ये, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. सिकंदराबादही लष्करी ठाणं आणि आपल्यासारखंच निजामाच्या मुलखातलं.

लष्कर आणि चावणारे जीव यांचं वैर फार जुनं. आपल्या या छावणीत एके काळी हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ होतं. घोडे आले की गवत आलं, आणि गवताबरोबर जे यायचं ते आलंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी लष्कर डास दूर ठेवायला सिट्रोनेला तेल वापरत असे. आपल्या परसातला गवती चहा आहे ना, त्याच्याच कुळातल्या गवताचं ते तेल. वास छान, काम खरं, पण टिकतं तास-दोन तास. पहारा मात्र रात्रभराचा! मग अमेरिकी लष्कराने जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी ‘डीट’ नावाचं रसायन आणलं, १९४६ साली. आपल्या ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने त्याच कामासाठी ‘डेपा’ तयार केलं. कर्नाटकात शिवमोग्याकडे १९५७ साली गोचिडीमुळे होणारा माकडताप पहिल्यांदा ओळखला गेला. तिथे जंगलात जाणाऱ्या लोकांना हे डेपाचं तेल अंगाला लावायला देतात. तोच माकडताप २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातही उतरला.

आता या सगळ्यात लसूण कुठून आला, ते सांगतो.

लसणाची न सोललेली पाकळी नाकाशी धरा. वास येतो का? जवळपास नाहीच. आता तीच पाकळी खलबत्त्यात ठेचा, घरभर वास. म्हणजे तो वास लसणात आधी नव्हताच; तुम्ही ठेचलात तेव्हा तो जन्माला आला. छावणीच्या दारूगोळ्याच्या कोठारात दारू एका कोठीत आणि ती पेटवणारं सामान दुसऱ्या कोठीत ठेवतात, तसा लसणाचा कारभार आहे. पाकळीच्या पेशीत एका भागात ‘ॲलिइन’ नावाचा गंधकाचा पदार्थ असतो, त्याला वास नाही. दुसऱ्या कप्प्यात ‘ॲलिनेज’ नावाचं विकर बसलेलं असतं. मधली भिंत शाबूत आहे तोवर दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अळीने दात लावला, तुमच्या आजीने वरवंटा फिरवला, की भिंत फुटते, दोघं भेटतात आणि काही क्षणांत ‘ॲलिसिन’ तयार होतं. तिखट, झोंबणारं, जंतू मारणारं. हे ॲलिसिन १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी वेगळं काढलं.

म्हणून तर अख्खा कांदा-लसूण निखाऱ्यावर भाजला की गोड लागतो. आचेने विकर मरतं आणि भेट होतच नाही. ठेचून थोडा वेळ ठेवलेला लसूण फोडणीत टाकला, तर त्याचा तिखटपणा काही अंशी टिकतो. हे तुमच्या आजीला कॅव्हॅलिटोच्या आधीपासून ठाऊक आहे, फक्त तिने ते कुठे छापलं नाही.

एक विचारतो. लसणाने हा सगळा खटाटोप कोणासाठी केला? आपल्या चटणीसाठी नव्हे. जमिनीत रुतून बसलेल्या कांद्याला पळता येत नाही, चावता येत नाही. त्याने आपला कंद राखायला हे हत्यार घडवलं. गोचिडीचा आणि त्याचा काही संबंधच नाही! कडुनिंब, करंज, निर्गुडी, वेखंड यांचंही तेच. त्यांच्या अंगातली रसायनं ही त्यांची लढाई. आपण मधल्यामध्ये उसनं हत्यार घेऊन आलो. आणि उसन्या हत्याराचं एक असतं, ते आपल्या मापाचं असेलच असं नाही.

‘लसूण खाल्ला की गोचीड जवळ येत नाही’ असं कोणी ना कोणी सांगतंच. त्यामागे कारण आहे. लसूण खाल्ल्यावर त्यातली काही गंधकी द्रव्यं रक्तात जातात आणि श्वासातून, घामातून बाहेर पडतात. दात घासूनही तोंडाचा वास जात नाही तो त्यामुळेच, तो पोटातून नव्हे तर फुप्फुसातून येत असतो. मग पायात नाक असलेल्या जिवाला तो नको वाटेल, असं अनुमान काढणं स्वाभाविक होतं. स्वीडनमध्ये सैनिकांवर ते तपासलं गेलं. शंभर सैनिक घेतले. काहींना रोज १२०० मिलिग्रॅम लसणाच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण लसूण नसलेल्या गोळ्या. काही आठवड्यांनी अदलाबदल. कोण काय गिळतंय हे कोणालाच माहीत नाही. २००० साली निकाल छापून आला: लसूण खाताना गोचिडीचे चावे कमी झाले. पण किती? थोडेसे. बंद झाले नाहीत. पुढे कनेक्टिकटमध्ये लोकांना लसूण खायला घालून डास सोडून पाहिले, तर डासांना काही फरकच पडला नाही. तेव्हा लसूण खा, चटणी खा, ठेचा खा. पण तेवढ्यावर विसंबून गौताळ्याच्या जंगलातल्या गवतात उघड्या पायांनी हिंडू नका.

मग अंगाला लावला तर? प्रयोगशाळेत बशीतल्या गोचिडीवर लसणाचा अर्क परिणाम करतो, ते खरं. गोठ्यातली गोष्ट वेगळी. ज्याला वास आहे ते उडून जातंय, म्हणून तर नाकाला कळतंय! उन्हात उभ्या बैलाच्या पाठीवरून ते किती वेळात जाईल, तुम्हीच सांगा. शिवाय ठेचलेला लसूण तसाच कातडीवर बांधून ठेवला, तर चक्क भाजल्यासारखे फोड येतात. लहान लेकराच्या अंगाला तर अजिबात लावायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वावडिंग आणि लसणाच्या सालींची धुरी देतात, तीही मला हल्ली पटत नाही. डास जातील, पण बाळाच्या छातीत धूर जातो त्याचं काय?

कडुनिंबाचं मात्र निराळं आहे, त्याच्याबद्दल मी थोडं मान देऊनच बोलतो. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, सगळं हिरवं खाऊन गेली, पण कडुनिंब तेवढा उभा राहिला. श्मुटरर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते बघितलं. इकडे १९६२ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ उतरले, पण पीक न खाताच उडाले. १९६८ मध्ये त्यातलं मुख्य द्रव्य हाती आलं, ॲझाडिरॅक्टिन. ते विषासारखं पटकन मारत नाही. ते किड्याची भूक मोडतं आणि कात टाकण्याचा हुकूम देणाऱ्या संप्रेरकातच घोळ घालतं. अळी मोठी व्हायला निघते आणि जुन्या कातडीत अडकून बसते. लसणासारखा हा नुसता वासाचा खेळ नाही. आपल्या मराठवाड्यात कापसावर पाच टक्के निंबोळी अर्क फवारतात, तो याच जोरावर: पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून, थोडा साबण घालून शंभर लिटर करायचं. आणि जेवढं लागेल तेवढंच करायचं, कारण उन्हाने तेही लवकर निकामी होतं. गुरांना निंबोळीचं नाहीतर करंजाचं तेल चोळतात, तेही चांगलंच. गोचीड थोडी पळते, जखमेवर माशी बसत नाही. मात्र आधीच चिकटून बसलेली गोचीड त्याने हटकून पडेल, असा भरवसा मी देणार नाही.

बाजारातल्या बाटलीला नाकं मुरडतात ना लोक, केमिकल केमिकल म्हणून? त्या बाटलीचंही कूळ बघा. शेवंतीच्या नात्यातलं एक पांढरं फूल आहे, पायरेथ्रम. त्याच्या पुडीने किडे मरतात हे जुन्या काळापासून माहीत होतं. डासांच्या अगरबत्तीत आधी तेच असायचं. फुलातलं औषध उन्हात टिकत नाही, म्हणून इंग्लंडात मायकेल इलियट यांनी त्याच्या धर्तीवर टिकाऊ द्रव्यं बनवली. १९७३ साली पर्मेथ्रिन, पुढच्याच वर्षी डेल्टामेथ्रिन. पहिलं आज सैनिकांच्या गणवेशात मुरवतात, दुसरं आपल्या गोठ्यात गोचिडीसाठी वापरतात. आणि आता त्या औषधाला दाद न देणाऱ्या गोचिडी आपल्या देशात निपजल्या आहेत. दर वेळी तेच औषध, तेही मनाने कमी-जास्त पाणी घालून, मग दुसरं काय होणार?

उलट, झाडाचं म्हणजे निरुपद्रवी, हाही भ्रम. दौलताबादच्या डोंगरातली सीताफळं तुम्ही मिटक्या मारत खाता. त्याच्या बियांची पूड करून उवांसाठी केसांना लावायची जुनी रीत आहे. उवा मरतात, अगदी खात्रीने मरतात. कारण त्या बियांतली द्रव्यं पेशीची ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात, आणि ती यंत्रणा उवेची निराळी नि तुमची निराळी असं काही नसतं. ती पूड डोळ्यांत गेली की बुबुळ सोलवटून निघतं. असे रुग्ण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे येतात.

‘मग करायचं काय आबा?’

गोठ्याच्या भेगा बुजवायच्या, भिंतींना चुना मारायचा. अंडी तिथेच असतात. कोंबड्या मोकळ्या सोडायच्या, त्या गोचिडी वेचून खातात. औषध डॉक्टरांना विचारून, मापाने. आणि आपल्या पायाला चिकटली, तर रॉकेल नाही, उदबत्तीचा चटका नाही. चिमट्याने अगदी कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची, पिरगाळायची नाही, चिरडायची तर मुळीच नाही. मग साबणाने हात धुवायचे.

आणि हो, काल कोणीतरी आपल्या लाल्या कुत्र्याच्या भाकरीत लसूण कुस्करून घातला होता. कोणी, ते मी विचारत नाही. मोबाइलवर आलं असेल. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना चालत नाही बरं. त्यातल्या गंधकी द्रव्यांनी त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या अंगाला जे झेपतं ते त्यांच्या अंगाला झेपत नाही. थोड्याने लगेच काही होत नाही, पण पुन्हा घालायचा नाही. जा, तो चिमटा आण, आणि तू बॅटरी घे. लाल्याला इकडे धरून बसवा. त्याच्या डाव्या कानात सकाळपासून काहीतरी आहे, तो सारखा पायाने खाजवतोय.