जहागिरीचे राज्य झाले ते भिंगारला

नगर शहर वसण्याआधी भिंगार होते. आज ते शहराला चिकटलेली वस्ती आणि लष्करी छावणी म्हणून ओळखले जाते. पण २८ मे १४९० च्या पहाटे या शिवारात झालेली लढाई वेगळ्या वळणाने गेली असती तर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसलेच नसते. एका जहागीरदाराने इथे आपल्याच बहमनी सुलतानाच्या फौजेचा मोड केला.

हा जहागीरदार मलिक अहमद. घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचे, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. विजापूरला जाण्याआधी फरिश्ता नगरच्याच दरबारात होता, त्यामुळे या हकिगती त्याने जवळून ऐकल्या असणार. अहमदचे वडील विजयनगरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती लागले, मुसलमान झाले आणि मलिक हसन या नावाने दरबारात चढत गेले. १४८१ मध्ये वजीर महमूद गावानचा वध झाला आणि कारभार हसनच्या हाती आला. मुलाला त्याने जुन्नरला पाठवले.

गावानला सुभेदारांचा स्वभाव पक्का ठाऊक होता. त्याने चार तरफांच्या, म्हणजे सुभ्यांच्या, आठ केल्या, एका तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या माणसांकडे सोपवले. जुन्नर ही त्या फाळणीतूनच निघालेली तरफ. गावान गेला आणि ती घडी विस्कटली. शिवनेरीवरच्या मराठा शिबंदीने किल्ला सोडायला नकार दिला, तेव्हा अहमदने वेढा घालून तो घेतला. आत साठलेला पाच वर्षांचा महसूल त्याला मिळाला. मग चावंड, लोहगड, तुंग, माहुली असे एकेक गड त्याच्याकडे आले. माझ्या मते राज्याचा पाया इथेच पडला, भिंगारला फक्त त्यावर शिक्का बसला.

१४८६ मध्ये बहमनी राजधानी बिदरला हसनचा खून झाला. अहमदने वडिलांची निजामुल्मुल्क ही पदवी स्वतः घेतली आणि बिदरचे हुकूम मानणे सोडले. त्याच्यावर फौजा येऊ लागल्या. एकदा समोरच्या फौजेला बगल देऊन तो थेट बिदरला पोचला, आपल्या घरच्या बायकामुलांना सोडवून घेऊन आला आणि चालून आलेल्या सरदारांची कुटुंबेही बरोबर आणली. त्यांना त्याने मानाने वागवले आणि परत पाठवले. नंतर बहमनी सेनापती जहांगीर खान तिसगावच्या बाजूने डोंगर ओलांडून भिंगारला उतरला. अहमद जेऊरच्या घाटात होता. महिनाभर दोन्ही फौजा बारा-एक मैलांवर बसून राहिल्या. पावसाचे दिवस आले, बहमनी छावणी दारूत आणि चैनीत सैलावली. अहमद रात्री जेऊरहून निघाला, पहाटे छावणीवर तुटून पडला आणि फौजेची दाणादाण उडवली. जिंकल्या जागी त्याने वाडा बांधला, बाग लावली. म्हणून या लढाईला बागेची लढाई म्हणतात.

त्यानंतरची एक हकिगत मला फार मोलाची वाटते. अहमदने खुतब्यातून सुलतानाचे नाव काढले आणि डोक्यावर पांढरे छत्र धरले. परांड्याच्या ख्वाजा जहानसारख्या सरदारांना ते खपले नाही. तेव्हा तो म्हणाला, हे उन्हापुरते आहे, हवे तर सगळ्यांनी छत्री धरावी. आणि खरोखरच धनी-चाकर सगळेच छत्र्या वापरू लागले. राजाच्या छत्रावर तेवढे तांबडे कापड असे. नवा राजा सोबत्यांच्या संमतीवाचून टिकत नाही, हे या माणसाला कळत होते.

त्याच सुमारास, १४९३ मध्ये, जपानमध्ये इमागावा घराण्याच्या एका गढीवाल्याने इझु प्रांत बळकावला. इतिहास त्याला होजो सोउन म्हणतो. तिथेही वरची सत्ता पोकळ झाली होती आणि खालचे अंमलदार धनी होत होते. होजोंचे राज्य पाच पिढ्या टिकून १५९० मध्ये बुडाले. पुढे तोकुगावा शोगुनांनी गावानचाच धडा जास्त कडकपणे गिरवला. सरदाराची जहागीर तांदळाच्या उत्पन्नावर, कोकू या मापाने मोजायची, दहा हजार कोकूंपासून पुढे. त्याला मनात येईल तेव्हा दुसरीकडे हलवायचे आणि त्याची बायकामुले राजधानी एदोत ठेवून घ्यायची. एदोवर असा छापा घालून कुटुंब सोडवून नेणारा मलिक अहमद तिथे निघाला नाही. अडीचशेच्या वर जहागिऱ्या तशाच राहिल्या आणि १८७१ मध्ये एका फर्मानाने संपल्या.

इकडे अहमदला दौलताबाद हवे होते. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर, सीनेकाठी, बागेसमोर त्याने १४९४ मध्ये शहर वसवले. दरसाल सुगीच्या वेळी तो दौलताबादच्या मुलखातले पीक लुटत असे. १४९९ मध्ये किल्ला हाती आला. पुढे हुसेन निजामशाहने बागेच्या जागी दगडी तटाचा भुईकोट उठवला. अहमद स्वतः नगरच्या बागरोजात पुरलेला आहे.

अहमदने उभारलेल्या याच निजामशाहीने मालोजी भोसल्यांना पुणे-सुप्याची जहागीर दिली. १६३० मध्ये, ज्या शिवनेरीवर मलिक अहमदला पहिला खजिना मिळाला त्याच गडावर, मालोजींचे नातू शिवाजीराजे जन्मले. जहागिरीचे राज्य होण्याची गोष्ट या मुलखात दुसऱ्यांदा घडली, आणि या वेळी रयतेसह घडली. ते राज्य मोडायला औरंगजेब दक्षिणेत उतरला, पंचवीस वर्षे झुंजला आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारच्या छावणीत मरण पावला. देह खुलदाबादला नेला, भिंगारला आलमगीर हे ठिकाण राहिले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले. १७५९ मध्ये किल्लेदार कवी जंगाने नगरचा भुईकोट पेशव्यांच्या हवाली केला. त्यासाठी लढाई करावी लागली नाही.