रोबोटिक्सचा पहिला संघ आणि आपला वेळ

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो व तेथून एक वाट परतूरकडे वळते. अशा रस्त्यावरील गावात शाळकरी मुलांचा रोबोटिक्स संघ उभारायचा म्हटला, की व्यापारी मन प्रथम खर्च विचारते. वास्तविक तो प्रश्न दुसरा आहे.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनतर्फे निवडलेल्या शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असते. सरकारी शाळांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. साहित्य येईल, परंतु शनिवारी दुपारी कुलूप काढून मुलांजवळ बसणारा माणूस पेटीतून येत नाही. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी ज्ञानदानासाठी आपल्या समाजाने उदारपणे खोल्या बांधल्या. त्या खोलीत स्वतः बसणे मात्र आपल्याला अजून दान वाटत नाही.

आरंभी मोठा संच घेऊच नये. एक अर्डुइनो बोर्ड, मोटर ड्रायव्हर, गिअर असलेल्या दोन लहान मोटारी व दोन इन्फ्रारेड सेन्सर यांवर पहिली गाडी धावते. पांढऱ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावावी. पांढरा भाग किरण परत पाठवतो, काळा शोषून घेतो. डावा सेन्सर काळ्यावर आला, की डावी मोटार थांबवायची. गाडी डावीकडे वळून रेषेवर येते. नवे संघ अडखळतात ते भलत्याच जागी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटारींना पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही आणि गाडी अडते. खिडकीतून ऊन आले की त्यातील इन्फ्रारेडमुळे सेन्सर फसतो. मुले मात्र रात्रभर प्रोग्रॅममधील चूक शोधत राहतात! मोटार वाइंडिंग करणारा गावचा कारागीर यातील निम्म्या अडचणी पाहताक्षणी ओळखेल. त्याला आदराने बोलवावे.

प्रयत्नांची रोज नोंद ठेवावी. वडिलांचा रोजमेळ पाहिलेल्या मुलाला हे शिकवावे लागत नाही. संघात मुली असाव्यात, आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्याही हाती असावा. केवळ फलक रंगवणे त्यांच्या वाट्याला येऊ नये.

डीन केमेन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या स्पर्धांत अनुभवी संघाने नवख्यांना हात देणे हा गौरवाचा भाग मानला जातो. प्रतिस्पर्ध्याला सुटा भाग उसना देणारा संघ तेथे नवलाचा नसतो. परस्परोपग्रहाचे तत्त्व मानणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटू नये.

वाटूरसाठी असा हात जालन्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मागता येईल. त्याहूनही जवळचा हात घरातच आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारी आपली मुले-मुली महावीर निर्वाणाच्या दिवाळीत गावी येतात. नव्या वह्यांचे पूजन झाले, की पाडव्यानंतरचे दोन दिवस त्यांच्याकडून शाळेसाठी मागून घ्यावेत, आणि पुढचे वर्षभर दर रविवारी तासभर फोनवर.